विश्लेषण : लग्नपत्रिकेवरचा ‘ड्रेस कोड’ कसा वाचायचा? प्रत्येक कार्यक्रमाला नवा पोशाख हवाच का?

मेंदीला हिरवा, हळदीला पिवळा, संगीतला ‘इंडो-वेस्टर्न’ आणि स्वागत समारंभाला ‘फॉर्मल’... व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या पत्रिकेत आता मुहूर्ताखाली असा मजकूर दिसू लागला आहे. चार कार्यक्रम आणि चौघांचे कुटुंब म्हटले, की हिशेब सोळा पोशाखांवर जातो. तोही दुसऱ्याच्या घरच्या लग्नासाठी. मात्र ड्रेस कोड नीट वाचला, तर यातले बहुतेक पोशाख घरच्या कपाटातच सापडतात.

ड्रेस कोडमध्ये नेमके काय सांगितलेले असते?

तीन वेगळ्या गोष्टी : रंग, पोशाखाचा प्रकार आणि औपचारिकतेची पातळी. पत्रिकेत बहुतेकदा यातली एकच लिहिलेली असते. ‘पिवळा’ म्हणजे फक्त रंग; साधा सुती कुर्ताही चालतो. ‘ट्रॅडिशनल’ म्हणजे प्रकार. रंग तुमच्या आवडीचा. ‘फॉर्मल’, ‘कॉकटेल’ किंवा ‘ब्लॅक टाय’ म्हणजे पातळी. जे लिहिलेले नाही, तिथे पाहुण्याला मोकळीक आहे असे समजावे.

‘ब्लॅक टाय’, ‘कॉकटेल’ आणि ‘इंडो-वेस्टर्न’मध्ये फरक काय?

‘ब्लॅक टाय’ हा तिघांत सर्वात काटेकोर. पाश्चात्त्य पद्धतीत पुरुषांसाठी काळे डिनर जॅकेट, पांढरा शर्ट आणि बो टाय, तर महिलांसाठी लांब गाऊन असा त्याचा अर्थ होतो. आपल्याकडे बंदगळा किंवा रेशमी साडी त्याच तोडीची मानली जाते. ‘कॉकटेल’ थोडा सैल : पुरुषांना सूट पुरतो, महिलांना हलकी साडी किंवा ड्रेस. ‘इंडो-वेस्टर्न’ म्हणजे दोन पद्धतींची सरमिसळ. शर्टवर नेसलेली आईची साडी किंवा जीन्सवर घातलेला छोटा कुर्ता आणि जॅकेटही त्यात बसते.

रंगाआधी काय पाहावे?

कार्यक्रमात काय होणार आहे, ते. हळदीचा पिवळा रंग करक्युमिन या घटकामुळे येतो. तो पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि साबण लागला की डाग लालसर होतो. उन्हात वाळवल्यावर तो बराच फिका पडतो, पण रेशीम आणि जर यांना ती धुलाई आणि ते ऊन सोसत नाही. त्यामुळे हळदीला जुना सुती कपडाच शहाणपणाचा.

लग्नविधीत होमाजवळ बसायचे असेल, तर पॉलिएस्टरची लांब ओढणी टाळावी. कृत्रिम धागा आगीने वितळतो आणि त्वचेला चिकटतो. वेळ आणि ठिकाणही महत्त्वाचे. मे महिन्यात नागपूर किंवा चंद्रपूरला दुपारचा मुहूर्त असेल, तर जाड ब्रोकेडच्या शेरवानीपेक्षा सुती कुर्ता बरा. खाली मांडी घालून पंगतीला बसायचे असेल, तर घट्ट ट्राउझर्स अडचणीच्या ठरतात.

पत्रिकेत रंग लिहिलेला नसेल तर?

मग घरची रीत पाहावी, कारण एकाच रंगाचे अर्थ बदलतात. महाराष्ट्रातील बौद्ध विवाहात वधू-वर पांढरी वस्त्रे परिधान करतात. तिथे पांढरा मंगल. गोव्यातील ख्रिस्ती लग्नात पांढरा गाऊन वधूचा मान, म्हणून पाहुण्या महिला तो रंग टाळतात. पारशी लग्नात पुरुषांची पांढरी डगली हाच पारंपरिक वेश. अनेक हिंदू घरांत लग्नात काळा रंग नको असतो. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मात्र त्याच घरची सून हौसेने काळी साडी नेसते. शंका असल्यास यजमानांना एक फोन करणे उत्तम.

कमी कपड्यांत सगळे कार्यक्रम कसे निभवायचे?

मुख्य पोशाख एक ठेवावा आणि सोबतच्या गोष्टी बदलाव्यात. पुरुषांसाठी एक फिका कुर्ता : मेंदीला हिरव्या जॅकेटसह, मुहूर्ताला उपरणे आणि फेट्यासह. महिलांसाठी एक चांगली रेशमी साडी : मुहूर्ताला नथ आणि पारंपरिक ब्लाउजसह, स्वागत समारंभाला वेगळ्या ब्लाउजसह आणि मोजक्या दागिन्यांत. हळदीपुरती एक पिवळी ओढणीही भागवते.

पैठणी विकत घ्यायचीच असेल, तर पदर उलटून पाहावा. हातमागावरच्या पैठणीची नक्षी मागूनही जवळपास तशीच दिसते; सुटे धागे लोंबत असतील, तर ती यंत्रमागाची असण्याची शक्यता जास्त. पोशाख भाड्याने घेताना अनामत, डाग पडल्यास होणारी कपात आणि परत करण्याची वेळ लेखी घ्यावी. हळदीसाठी भाड्याचा कपडा न घेतलेलाच बरा.

यजमानांनी काय करावे?

एका छटेऐवजी दोन-तीन रंग सुचवावेत, निदान महिनाभर आधी कळवावे आणि ‘घरात असेल तरच’ हे शब्द जोडावेत. फोटोत एकच रंग हवा असेल, तर फेटे, उपरणी किंवा ओढण्या आपणच द्याव्यात. मानाचे फेटे बांधण्याची पद्धत आपल्याकडे आहेच; त्याचा खर्च कधीच पाहुण्यावर नव्हता.

पिवळी साडी नाही म्हणून एखादी मावशी हळदीला न येता थेट अक्षतांनाच आली, तर कारण ती सांगणार नाही. ‘बस उशिरा मिळाली’ असेच म्हणेल. ड्रेस कोड ठरवताना यजमानांनी आणि तो वाचताना पाहुण्यांनी ही मावशी लक्षात ठेवली, तर सोळा पोशाखांचा प्रश्न बराच सोपा होतो.