शिकवायला गेलेली बाई आधी शिकते

आजचा विषय थोडा लांबचा वाटेल. पगार न घेता परक्या देशातल्या गावच्या शाळेत शिकवायला गेलेली बाई तिथं कशी रुळते, ते आज आम्ही सांगणार आहोत. विषय काढायला कारण आहे. आपल्या गटांतल्या बायांच्या मुली आता शिकल्या आहेत, मोबाईलवर जाहिराती बघतात, आणि एखादी आईला म्हणते, "मी नेपाळला शिकवायला जाऊ का?" आईला हो म्हणावं की नाही, तेच कळत नाही. तिथं काय घडतं हे माहीत असलं, तर उत्तर देणं सोपं जातं.

म्हणून नेपाळचंच उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या सरकारनं १९६१ साली 'पीस कोअर' नावाची संस्था काढली. तिचे स्वयंसेवक १९६२ पासून नेपाळच्या खेड्यांत गेले. त्यातले बरेच जण शिक्षक होते. या स्वयंसेवकाची मुदत साधारण २७ महिन्यांची असते. पगार नसतो, गावातल्या माणसासारखं साधं राहता येईल एवढा खर्च मिळतो. आता यातली खरी गोष्ट ऐका. या २७ महिन्यांतले पहिले तीन महिने शिकण्याचे असतात. गावातल्या एका कुटुंबात राहायचं, भाषा शिकायची, रीतभात शिकायची. शिकवायला आलेली बाई आधी विद्यार्थिनी होते, आणि तिची बाई कोण? तर त्या घरातली आमा. नेपाळीत आईला आमा म्हणतात.

आमा काय शिकवते? पहिलं म्हणजे दिवस कसा चालतो ते. नेपाळच्या डोंगरी गावात सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला पोटभर डाळभात खाऊन मुलं शाळेला निघतात. दुपारी थोडा खाजा, म्हणजे खाऊ. पुन्हा डाळभात थेट रात्री. शनिवारी सुट्टी आणि रविवारी शाळा, ही तिकडची जुनी रीत. सरकारी कॅलेंडर विक्रम संवताचं. नवीन वर्ष एप्रिलच्या मध्यात वैशाखात लागतं, आणि शाळेचं वर्षही तेव्हाच सुरू होतं.

दुसरं म्हणजे बोलावं कसं ते. वयानं मोठी बाई दिदी, लहान असली तर बहिनी, मोठा पुरुष दाइ. मान द्यायचा तर 'तपाईं', बरोबरीच्याला 'तिमी', आणि अगदी जवळच्याला किंवा रागावून 'तँ'. आपल्याला हे सांगावं लागत नाही, कारण तुम्ही कुठं आणि तू कुठं ते आपण लहानपणीच शिकतो. पण जिच्या भाषेत सगळ्यांना एकच शब्द आहे, तिला ते पाठ करावं लागतं.

तिसरं, चुलीची शिस्त. उष्ट्याला नेपाळीत जुठो म्हणतात, आणि जुठं हात लावलेलं दुसऱ्याला देत नाहीत. देताघेताना उजवा हात. बऱ्याच घरांत परक्या माणसानं स्वयंपाकघरात थेट जायचं नसतं. पाळीच्या दिवसांत अनेक घरांत बाईला चुलीपासून दूर बसवतात, आणि पाहुण्या शिक्षिकेलाही तोच नियम लागू शकतो. 'बाहेर बसणं' काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. नेपाळच्या पश्चिम भागात तर बायांना गोठ्यात किंवा झोपडीत ठेवायची छाउपडी नावाची प्रथा होती. तिच्यासाठी शिक्षा ठरवणारा कायदा २०१७ साली झाला, तरी ती पुरती गेलेली नाही. अशा वेळी आल्याआल्या भाषण देणारी बाई त्या घरातलं आपलं स्थान घालवून बसते. आधी ऐकून घेतलं, वर्षभर त्या घरात राहिली, तर पुढं मुलींच्या वर्गात पाळीविषयी तिनं सांगितलेलं मुली ऐकतात.

आता कुणी म्हणेल, आपल्या मुलीला हे सोपं जाईल, लिपी तर एकच आहे. खरं आहे, पाटी वाचता येईल. पण शब्द फसवतात. आपल्याकडं कोदो म्हणजे कोद्रा. नेपाळीत कोदो म्हणजे आपली नाचणी. तिच्या पिठाचा ढिंडो करतात, घट्ट उकडीसारखा. शिवाय नेपाळी ही तिथल्या निम्म्याहून कमी लोकांची मातृभाषा आहे. २०२१ च्या जनगणनेत तिथं १२४ मातृभाषा नोंदल्या गेल्या. पहिलीतलं मूल घरी तामाङ, मगर किंवा थारू बोलत असेल, तर शाळेतली नेपाळीच त्याला परकी असते, आणि इंग्रजी त्याहून परकी. मूल गप्प बसलं म्हणजे त्याला येत नाही असं नसतं. आपल्या आदिवासी पाड्यांवरच्या शाळांत हेच होतं.

मग ती एकटी काय करते? चांगल्या ठिकाणी तिला एकटीला वर्ग देतच नाहीत. गावच्या शिक्षिकेबरोबर जोडीनं शिकवायचं असतं. एकीला मुलं आणि भाषा माहीत, दुसरीकडं शिकवण्याच्या काही नव्या युक्त्या. जोडीनं काम झालं, तर पाहुणी गेल्यावरही युक्त्या गावात राहतात. हे किती महत्त्वाचं आहे ते मार्च २०२० मध्ये दिसलं. कोरोनामुळं पीस कोअरनं जगभरातले सुमारे ७,००० स्वयंसेवक एकदम परत बोलावले. निरोप घ्यायलाही अनेकांना वेळ मिळाला नाही. जिथं सगळं पाहुणीच्याच हातात होतं, तिथलं काम अशा वेळी थांबणारच.

पहिल्या काही महिन्यांत एकटेपणा फार येतो. हे आपल्याला कुणी समजवायला नको. माहेर सोडून आलेल्या प्रत्येकीनं ते सोसलं आहे. फरक इतकाच की ती स्वतःच्या मर्जीनं गेलेली असते, आणि तिला परत यायचं असतं. उपायही आपलाच आहे. खोलीत न बसता बायांत जाऊन बसायचं. सार्वजनिक नळाला तिकडं धारा म्हणतात. धाऱ्यावर कपडे धुताना जेवढी भाषा येते, तेवढी पुस्तकातून येत नाही. दसैंला घरातल्या मोठ्यांकडून कपाळी टीका लावून घ्यायचा. तिहारात भाइटीका असते, ती आपली भाऊबीजच.

आणि एक गोष्ट आपल्या गटांना आवडेल. तिथल्या गावांत आमा समूह असतात, म्हणजे आईंचे गट. बचत करतात, पायवाट दुरुस्त करतात, दारूविरुद्ध उभ्या राहतात. गावच्याच बाया आरोग्याचं स्वयंसेवी काम करतात, तो कार्यक्रम १९८८ पासून चालू आहे आणि त्यात ५०,००० च्या आसपास बाया आहेत. म्हणजे बाहेरून आलेली ही बाई काही गावातली पहिली स्वयंसेविका नसते. तिच्या आधीच्या घरोघरी आहेत. हे जिला समजलं, ती लवकर रुळते.

आता आईच्या प्रश्नाकडं येऊ. मुलीला जाऊ द्यायचं असेल, तर आधी एवढं विचारा. शाळेचं नाव, गाव, मुदत आणि काम लेखी दिलं आहे का? राहायचं कुणाच्या घरी? त्या घरातल्या बाईशी फोनवर बोलता येईल का? परतीचं भाडं कोण देणार? भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, विमानानं जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. हा कागद कायम मुलीच्याच हातात हवा. 'आमच्याकडं ठेवा' असं कुणी म्हटलं, तर तिथूनच माघारी फिरा. शिकवण्याच्या नावाखाली मोठी फी मागत असतील, तर सावध व्हा. 'अनाथाश्रमात दोन आठवडे शिकवा' अशी जाहिरात असेल, तर आणखी सावध. आईबाप हयात असलेली गरिबाघरची मुलं अशा ठिकाणी आणून ठेवायची आणि पाहुण्यांकडून पैसे घ्यायचे, हे नेपाळमध्ये घडलं आहे. काठमांडूतल्या भारतीय दूतावासाचा नंबर घरी आणि मुलीकडं, दोन्हीकडं लिहून ठेवा. इथं कुणी फसवून नेत असल्याची शंका आली, तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

असं जाणं फक्त तरुण मुलींचं काम असंही नाही. १९६६ मध्ये पीस कोअरमधून लिलियन कार्टर नावाची नर्स आपल्या मुंबईत, विक्रोळीला आली. तेव्हा तिचं वय ६८ होतं. जवळजवळ दोन वर्षं तिनं तिथल्या दवाखान्यात काम केलं. तिचा मुलगा जिमी पुढं अमेरिकेचा अध्यक्ष झाला. तेव्हा तिला सांभाळून घेणारी माणसं आपल्याकडचीच होती.

म्हणून पुढच्या बैठकीत दोन्ही बाजूंनी बोला. आपली मुलगी गेली, तर तिला काय शिकवून पाठवायचं? आणि आपल्या गावच्या शाळेत परकी बाई आली, तर पहिल्या आठवड्यात तिला धुण्याला, दळणाला, हळदीकुंकवाला बोलावणार कोण? ते नाव आजच ठरवून ठेवा.