ऑफिसात असूनही ॲप म्हणतं 'तुम्ही बाहेर आहात'! वाय-फाय यावर उपाय ठरू शकतं का?

तुम्ही कामाच्या ठिकाणी वेळेवर पोहोचलात. हजेरीसाठी मोबाईल काढला, चेहरा दाखवला. पण स्क्रीनवर मेसेज आला, 'तुम्ही ठरलेल्या हद्दीबाहेर आहात.'

मोबाईलवरून हजेरी लावावी लागणाऱ्यांची संख्या वाढतेय. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने १ मे २०२५ पासून वैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांसाठी चेहरा आणि जीपीएस लोकेशनवर आधारित हजेरी आणली. २०२४ मध्ये सुरू झालेलं हिंगोलीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही या आयोगाच्याच नियमांखाली येतं. राज्याच्या महसूल विभागानेही २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी फेस ॲपची हजेरी आणली. म्हणजे वसमतच्या तहसील कार्यालयातही 'मी इथेच आहे' हे आता मोबाईलला पटवून द्यावं लागतं.

अडचण अशी, की जीपीएस छताखाली कमजोर पडतं.

जीपीएस आत का गडबडतं?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. तिथून येणारा सिग्नल मोबाईलपर्यंत पोहोचताना अगदी क्षीण झालेला असतो. मोकळ्या आकाशाखाली मोबाईल साधारण ५ मीटरपर्यंत अचूक जागा दाखवतो. पण स्लॅब, जाड भिंती किंवा पत्र्याचं छत मध्ये आलं की सिग्नल अडतो, नाहीतर भिंतींवर आपटून वळसा घेऊन येतो. मग नकाशावरचा निळा ठिपका शेजारच्या गल्लीत जाऊन बसतो.

वाय-फायवरून जागा कशी कळते?

वसमतच्या बाजारपेठेत उभं राहून मोबाईलचं वाय-फाय सुरू करा. आसपासच्या दुकानांची नेटवर्कं लगेच दिसतील. प्रत्येक राउटर सेकंदाला साधारण १० वेळा आपलं नाव आणि ओळख क्रमांक हवेत पाठवत असतो. तो ऐकायला पासवर्ड लागत नाही, नेटवर्कला जोडावंही लागत नाही. सिग्नल किती जोरात येतोय, हेही मोबाईल मोजतो.

एका खोलीत पहिला राउटर जोरात, दुसरा मध्यम आणि तिसरा पुसट ऐकू येतो. शेजारच्या खोलीत हे प्रमाण बदलतं. म्हणजे प्रत्येक जागेला सिग्नलचा एक ठसा असतो. इमारतीत फिरून असे ठसे आधी नोंदवून ठेवायचे आणि हजेरीच्या वेळी मोबाईलचा ठसा त्यांच्याशी जुळवायचा.

ही कल्पना नवी नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन यांनी २००० साली 'रडार' नावाच्या प्रयोगात इमारतीच्या आत साधारण २ ते ३ मीटरच्या फरकाने जागा ओळखून दाखवली होती. हजेरीला तर एवढी अचूकताही लागत नाही. माणूस इमारतीत आहे की नाही, एवढंच कळलं तरी पुरे.

खर्च किती?

राउटर बहुतेक कार्यालयांत आधीपासून असतात आणि मोबाईल प्रत्येकाच्या खिशात. त्यामुळे नवं यंत्र फारसं लागत नाही. खरा खर्च श्रमाचा आहे. सुरुवातीला ठसे नोंदवावे लागतात. राउटर बदलला किंवा त्याची जागा हलवली की नोंद पुन्हा करावी लागते.

पण याला फसवता येतं का?

येतं. जीपीएसचं खोटं लोकेशन दाखवणारी ॲप्स आहेत, तसंच राउटरचं नाव आणि क्रमांकही नकल करता येतो. जागा शोधणं आणि जागा सिद्ध करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये. एकापेक्षा जास्त राउटर जुळतात का, ते पाहता येतं. कार्यालयाच्या नेटवर्कवरच मिळेल आणि दर मिनिटाला बदलेल असा कोड ठेवता येतो. आतला सहकारी तो कोड बाहेर पाठवू शकतो, म्हणून जोडीला चेहऱ्याची पडताळणी हवी.

सिग्नलच्या ये-जा करण्याच्या वेळेवरून अंतर मोजायचीही एक पद्धत आहे. अँड्रॉइडमध्ये ती २०१८ पासून आहे. मात्र त्यासाठी राउटर आणि मोबाईल दोन्हींत तशी सोय लागते. जुन्या राउटरमध्ये ती सहसा नसते.

खासगीपणाचं काय?

वाय-फायची यादी तुमचं घर, दवाखाना, नातेवाईक, सगळंच सांगू शकते. त्यामुळे हजेरीच्या ॲपने फक्त हजेरीच्या क्षणी तपासावं आणि 'आत' किंवा 'बाहेर' एवढंच उत्तर साठवावं. दिवसभर माग काढायची गरज नाही. अँड्रॉइडमध्ये लोकेशनची परवानगी देताना 'ॲप वापरत असतानाच' हा पर्याय निवडता येतो.

हजेरी लागत नसेल तर काय कराल?

- वाय-फाय आणि लोकेशन दोन्ही सुरू ठेवा. नेटवर्कला जोडलेलं नसलं तरी अनेक मोबाईल जागा ओळखायला वाय-फायचा आधार घेतात.
- खिडकीजवळ किंवा व्हरांड्यात जाऊन पुन्हा प्रयत्न करा.
- तरीही जमलं नाही तर तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवा.

थोडक्यात, आहे त्या वाय-फायच्या मदतीने कमी खर्चात जीपीएसची उणीव बरीच भरून काढता येते. पण सिग्नल म्हणजे अंदाज असतो, पुरावा नव्हे. म्हणूनच ॲपने 'बाहेर' म्हटलं तर लगेच पगार कापण्याआधी माणसाला आपली बाजू मांडायची सोय असायला हवी.