फवारणीची विषबाधा आणि अ‍ॅट्रोपीन

खरिपाची पिके भरात आली म्हणजे नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत फवारणीची घाई सुरू होते. किनवट, माहूर, हदगाव या बाजूस कपाशीवरील बोंडअळीसाठी, तर औसा, निलंगा, उदगीर या बाजूस सोयाबीनवरील चक्रीभुंगा आणि पुढे तुरीच्या शेंगा पोखरणारी अळी यांच्या बंदोबस्तासाठी प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस यांसारखी औषधे मारली जातात. ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके होत. किडीच्या मज्जातंतूंवर ती जो परिणाम करतात, तोच माणसाच्या व बैलाच्या मज्जातंतूंवरही करतात. सन २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेकडो शेतकरी व शेतमजूर आजारी पडले आणि वीसहून अधिक दगावले. अशा विषबाधेवर रुग्णालयात अ‍ॅट्रोपीन हे टोचण्याचे औषध देतात. ते काय करते व काय करू शकत नाही, हे ग्रामस्तरावरील प्रत्येक कार्यकर्त्यास ठाऊक असणे आवश्यक आहे.

विष कसे चढते

मज्जातंतूचा निरोप ग्रंथींना, हृदयाला व स्नायूंना पोहोचविण्याचे काम अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे द्रव्य करते. निरोप पोहोचताच एक विकर हे द्रव्य नाहीसे करते. पाटाचे पाणी पुरेसे झाले की पाटकरी दार बंद करतो, तसाच हा प्रकार होय. कीटकनाशक या पाटकऱ्याचेच हात बांधून टाकते. मग पाणी अखंड वाहू लागते. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, अंगास दरदरून घाम, उलट्या, जुलाब आणि छातीत कफाची घरघर सुरू होते. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात व स्नायू फडफडतात. श्वास कोंडल्याने मृत्यू ओढवतो. फवारणीनंतरची मळमळ, डोकेदुखी व घाम यांना ऊन लागले असे समजून सावलीत निजवून ठेवणे घातक ठरते.

अ‍ॅट्रोपीनचे कार्य

अ‍ॅट्रोपीन हे पाटकऱ्याचे हात सोडवीत नाही. ते शेताच्या तोंडाशी फळी लावून पाणी अडविते. त्यामुळे कफ आटतो, श्वास मोकळा होतो व मंदावलेली नाडी वाढते. भूल देताना, हृदयाची गती फार मंदावली असता आणि डोळ्याची बाहुली मोठी करण्यासाठीही वैद्य हे औषध वापरतात. विषबाधेत त्याची मात्रा ठरीव नसते. छातीतील घरघर थांबेपर्यंत काही मिनिटांच्या अंतराने डॉक्टर ती वाढवीत नेतात आणि नंतर बेताने चालू ठेवतात. म्हणूनच हे औषध सतत देखरेखीखालीच द्यावे लागते.

स्नायूंकडे जाणारी वाट मात्र या फळीने अडत नाही. पहिली लक्षणे ओसरल्यावर, साधारणपणे एक ते चार दिवसांच्या दरम्यान, काही रुग्णांची मान उशीवरून उचलत नाही व श्वासाचे स्नायू थकतात. त्या वेळी कृत्रिम श्वासाचे यंत्रच प्राण वाचविते. घाम थांबला, रुग्ण बोलू लागला, शेतात काम पडून आहे, या कारणांनी डॉक्टरांच्या संमतीवाचून त्यास घरी आणू नये.

जपून वापरण्याचे औषध

मात्रा अधिक झाल्यास अ‍ॅट्रोपीन स्वतःच विषासारखे वागते. तोंड कोरडे पडते, अंग तापते, लघवी अडते, रुग्ण असंबद्ध बडबडतो व हवेत हात मारतो. नातेवाइकांनी ही बाहेरची बाधा समजू नये. परिचारिकेस त्वरित सांगावे. फवारणीस जाण्यापूर्वी बचाव म्हणून हे औषध कधीही घेऊ नये. त्याने विष अंगात शिरण्याचे थांबत नाही, उलट प्रारंभीची लक्षणे झाकली जातात. बांधावरच्या धोतऱ्यात याच जातीची द्रव्ये असतात. परंतु कोणत्या बीत ती किती आहेत याचा अंदाज नसल्याने धोतऱ्याचे बी वा काढा देणे म्हणजे एका विषावर दुसरे विष घालणे होय. डोळ्यांसाठी दिलेले अ‍ॅट्रोपीनचे थेंब मुलांच्या हाती लागणार नाहीत असे कुलपात ठेवावेत. जनावरांनाही ते पशुवैद्यानेच द्यावे.

सर्वच शेतऔषधांवर हा उतारा चालत नाही. पॅराक्वाटसारख्या तणनाशकावर त्याचा उपयोग नाही. दोन-तीन औषधे मिसळून मारली असतील तर डॉक्टरांचे काम अधिकच कठीण होते. म्हणून डब्याचे वेष्टन व सोबतचे माहितीपत्रक रुग्णाबरोबर नेणे हाच मोठा उपकार होय. त्यावर औषधाचे नाव व उतारा छापलेला असतो. लाल त्रिकोण अतितीव्र विष, तर पिवळा त्रिकोण तीव्र विष दर्शवितो.

तातडीने काय करावे

१. रुग्णास शेताबाहेर मोकळ्या हवेत आणावे. कपडे काढून अंग, केस व नखे साबण आणि भरपूर पाण्याने धुवावीत. धुणाऱ्याने हातांवर रबरी मोजे चढवावेत.

२. डोळ्यांत औषध गेले असल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी.

३. मीठपाणी पाजून वा घशात बोटे घालून उलटी करवू नये. दूध, तूप, ताक पाजू नये. रुग्ण बेशुद्ध असल्यास डाव्या कुशीवर निजवावे.

४. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व वेष्टन बंद पिशवीत घालून सोबत द्यावे.

५. प्रथम जवळच्या ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयात उपचार सुरू करून घ्यावेत. किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे; तेवढा वेळ उपचारावाचून घालवू नये. पुढे गरजेप्रमाणे डॉक्टर रुग्णास विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत पाठवितात.

उताऱ्यावर भिस्त ठेवून निष्काळजीपणे फवारणी करणे शहाणपणाचे नाही. वाऱ्याच्या दिशेने पाठ ठेवून, सकाळी वा सायंकाळी, अंगभर कपडे, मोजे, चष्मा व मुखपट्टी वापरून फवारणी करावी. गळका पंप वापरू नये, अडकलेली तोटी तोंडाने फुंकू नये व उपाशीपोटी हे काम हाती घेऊ नये. हंगामापूर्वी गावातील प्रत्येक फवारणी करणाऱ्यास वेष्टनावरील त्रिकोण ओळखता येतो किंवा नाही, याची खात्री कार्यकर्त्यांनी करून घ्यावी. ज्यास वाचता येत नाही, त्यास ते वाचून दाखवावे.