मेंढ्या मोजून घ्या, रान सोबत

१८४० नंतरच्या दशकातलं मेलबर्नचं एखादं वर्तमानपत्र उघडलं, तर पहिल्या पानावर बातमी नसते. सगळ्या जाहिराती. लंडनचं जहाज कधी सुटणार, साखर आणि चहा कोणाच्या वखारीत उतरलाय, आणि मधेमधे मेंढ्या. अमुक हजार मेंढ्या विकणे आहेत. माद्या इतक्या, खच्ची केलेले नर इतके, खरूज नाही. भाव नगावर, शिलिंगांत. शेवटच्या ओळीत, जाता जाता सांगितल्यासारखं, स्टेशन सोबत देण्यात येईल.

हे स्टेशन म्हणजे वीस-तीस हजार एकर चराऊ रान, ओढ्याचा काठ, सालींच्या छपराची झोपडी आणि लोकर कातरायची शेड. त्याचा वेगळा भाव लावलेला नाही. म्हशीखालचं रेडकू सौद्यात धरलेलं असतं, तसं हे रान मेंढ्यांच्या सौद्यात धरलेलं.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ही जुनी वर्तमानपत्रं 'ट्रोव्ह'वर फुकट वाचायला ठेवली आहेत. मी मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीटमध्ये राहतो. आमच्या गल्लीत चारशे चौरस मीटरच्या तुकड्यासाठी माणसं तीस वर्षांचं कर्ज काढतात, त्यामुळे हजारो एकर 'सोबत' देणाऱ्या या जाहिरातींचा मला नाद लागला. शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळे पहिला प्रश्न सातबाऱ्याचाच पडला. विकणाऱ्याचं नाव कुठे लागलं होतं?

कुठेच नाही. जमीन विकणाऱ्याची नव्हतीच. ब्रिटिश राजसत्तेने सगळा खंडच आपला मानला होता आणि १८३१ पासून जमीन लिलावाने विकायचं ठरलं होतं; कमीत कमी भाव एकराला पाच शिलिंग, १८४२ पासून एक पौंड. पण हा भाव मोजतो कोण? १८३६ च्या कायद्याने वर्षाला दहा पौंड परवाना फी भरली की वसाहतीच्या हद्दीबाहेर मेंढ्या चारता येत. वीस हजार एकर विकत घ्यायचे तर वीस हजार पौंड, चारायचे तर दहा. हा हिशोब शाळा न शिकलेल्यालाही जमला असता. ज्यांना तो जमला त्यांना 'स्क्वाटर' म्हणू लागले. आधी हा शब्द चोराचिलटांसाठी होता. पुढे त्याच स्क्वाटरांची मुलं विधिमंडळात बसली.

म्हणजे स्क्वाटरकडे विकण्यासारखी, स्वतःच्या मालकीची वस्तू एकच, मेंढी. सगळा व्यवहार तिच्याच पाठीवर चाले. कर्जसुद्धा. जमीन गहाण टाकता येत नव्हती, म्हणून १८४३ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळाने कायदा करून न कातरलेली लोकर आणि जिवंत जनावरं तारण ठेवायची सोय केली. लंडनमधल्या वकिलांच्या डोक्यात हे बसेना. गहाण ठेवलेला माल मालकाच्याच ताब्यात राहतो, रानात फिरतो, चरतो आणि मरतोही! पण वसाहतीला दुसरा उपाय नव्हता. त्याच वर्षी मंदीने मेंढीचा भाव इतका पडला की यास गावाजवळच्या हेन्री ओब्रायनने हिशोब मांडून दाखवला, जिवंत विकण्यापेक्षा कढईत उकळून चरबी काढली तर जास्त पैसे येतात. मेणबत्त्यांसाठी कळपच्या कळप उकळले गेले. त्यामुळे मेंढीच्या भावाला तळ तरी मिळाला, आणि तिच्यासोबत जाणाऱ्या रानालाही.

सौदा ठरला की गिऱ्हाईक घोड्यावरून रानात जाई. आधी गवत नाही, पाणी बघायचं. इथल्या उन्हाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारी-मार्चमध्ये जो पाणवठा टिकतो तोच खरा. मग मेंढ्या. तोंड उघडून दात. बैलबाजारात आपल्याकडे आदत, दुसा, चौसा, जुळलेला असं बघतात, तेच इथे. पुढचे आठही दात आले म्हणजे भरलं तोंड, झिजून-तुटून गेले की तिची किंमत अर्ध्यावर. मग लोकर फाकून कातडी. खरजेचा एक किडा शंभर मैलांवर पोचे. तंबाखू आणि गंधकाच्या पाण्यात मेंढ्या बुडवणं हा त्यावरचा उपाय, आणि खरूज लपवून विकणं हा त्या काळच्या कोर्टकचेऱ्यांचा नेहमीचा विषय.

मग मोजणी. ती अजून तशीच चालते, आणि ती पाहायला मी बॅलरॅटच्या पलीकडच्या एका शेतावर गेलो होतो. सत्तरी ओलांडलेला शेतकरी अरुंद फाटकाला पाठ लावून उभा राहिला. कुत्र्याने मागून रेटा दिला, आणि एक मेंढी निघाली की बाकीच्या आपोआप तिच्यामागे. म्हातारा तीन-तीनने मोजत होता. ओठ हलत नव्हते, उजव्या हाताची बोटं मात्र प्रत्येक तिघींना हवेत टपली मारत होती. शंभर झाले की तो ओरडे आणि त्याची लेक फळीवर खडूची रेघ ओढे. मी एक-एकने मोजायला गेलो तर चाळिशीतच सुटलो. "डोळा मेंढीवर ठेवायचा नाही," तो नंतर म्हणाला, "फटीवर ठेवायचा." जुन्या काळी खडूच्या जागी काठीवर चाकूने खाच पाडत. विकणारा आणि घेणारा, दोघेही मोजत. आकडे जुळले नाहीत की पुन्हा सगळा कळप लाकडी ताट्यांच्या वाड्यात. आईला पिणारी कोकरं बहुधा मोजणीत धरत नसत. पीठ, साखर, बैल, गाड्या यांचं मोल दोन्हीकडच्या पंचांनी ठरवायचं. थोडे पैसे रोख, उरलेल्याच्या सहा, बारा, अठरा महिन्यांच्या हुंड्या.

या सगळ्यात रान मोजलं जात नसे. चतुःसीमा सांगायच्या त्या अशा: अमुक ओढा, तमुक टेकडीचा माथा, कुऱ्हाडीने साल काढून खूण केलेली झाडं, नाहीतर नांगराचं एक लांबलचक तास. भांडण झालं तर सरकारी जमिनींचा कमिशनर घोड्यावरून येई आणि इथून तुझं, तिथून त्याचं असं सांगून जाई. तारेची कुंपणं बहुतेक ठिकाणी नंतर आली, १८५१ मध्ये सोनं सापडून मेंढपाळ खाणींकडे पळाले तेव्हा.

खऱ्या मालकांशी कागद करायचा प्रयत्न एकदा झाला. जून १८३५ मध्ये जॉन बॅटमन या गोऱ्या वसाहतवाल्याने पोर्ट फिलिपच्या किनाऱ्यावर तिथल्या मूळच्या कुलिन लोकांच्या वडीलधाऱ्यांकडून सुमारे सहा लाख एकर घेतल्याचं खत केलं. मोबदल्यात कांबळी, सुऱ्या, कुऱ्हाडी, आरसे, कात्र्या, रुमाल, पीठ, आणि दरवर्षी तसंच आणखी. समोरच्यांनी त्याचा अर्थ काय लावला असेल? पाहुण्याला रानातून फिरू देण्याची परवानगी, असं आज पुष्कळ अभ्यासक मानतात. ऑगस्टमध्ये गव्हर्नर बर्कने ते खत रद्द ठरवलं. कुलिन फसवले गेले म्हणून नव्हे, जमीन राजाची असताना ती विकणारे हे कोण, म्हणून. पुढच्याच वर्षी टार्नीटच्या वायव्येला माउंट कॉट्रेलपाशी चार्ल्स फ्रँक्स हा स्क्वाटर आणि त्याचा मेंढपाळ मारले गेले. बदला घ्यायला गेलेल्या टोळीने तिथली मूळची वाथाउरोंग माणसं मारली. त्या टेकडीवरून माझी रोजची वाट जाते. जाहिरातींत अशा रानाला 'शांत' म्हणत.

१८४७ च्या ब्रिटिश सरकारी हुकुमाने परवान्याचे भाडेपट्टे करायचं ठरलं; दूरच्या भागात चौदा वर्षांपर्यंत. शिवाय घराभोवतीचे ६४० एकर, म्हणजे बरोबर एक चौरस मैल, लिलावाशिवाय एकरी एक पौंडाने घ्यायचा पहिला हक्क. व्हिक्टोरियाच्या जुन्या परगणा-नकाशांवर हे चौकोन 'पी. आर.' (प्री-एम्प्टिव्ह राइट) अशा खुणेने दिसतात. मी असा नकाशा टेबलावर पसरला तेव्हा मापं ओळखीची निघाली. इथली साखळी ६६ फुटांची. मुंबई इलाख्याच्या मोजणीची तिच्या निम्मी, ३३ फुटांची, आणि आपला गुंठा म्हणजे ३३ गुणिले ३३. चौकोन कुठे टाकलेत ते बघायचं. प्रत्येक चौकोनाला पाणी चिकटलेलं आहे.

पुढचं सगळं राजकारण या पाण्याचंच. सोनं संपलेल्या माणसांना जमीन हवी होती. न्यू साउथ वेल्समध्ये १८६१ साली रॉबर्टसन या मंत्र्याने कायदा केला. कोणीही ४० ते ३२० एकर निवडावेत, एकराला पौंडापैकी पाच शिलिंग आधी भरावेत, तीन वर्षं राहून दाखवावं. व्हिक्टोरियात १८६२ चा डफीचा कायदा आला. एकाच तुकड्यासाठी अनेक अर्ज आले तर चिठ्ठ्या टाकायच्या. स्क्वाटरांनी आपले मेंढपाळ, स्वयंपाकी, दारूच्या गुत्त्यावरचे रिकामटेकडे रांगेत उभे केले. चिठ्ठी कोणाचीही निघो, जमीन मालकाला. बेनामी हा प्रकार आपल्याला समजावून सांगायला नको. दुसरी युक्ती जास्त हुशारीची होती. सगळं रान घ्यायचंच नाही, फक्त पाणवठे, ओढ्याचा काठ, नाक्याचा रस्ता घ्यायचा. पाण्याविना उरलेले हजारो एकर कोण निवडणार? ते भाड्यानेच चारायला मिळत. नकाशावर ही खरेदी नदीला लागलेल्या चिंचोळ्या पट्ट्यांच्या रूपात दिसते. डफीसारख्या आयरिश सुधारकाला आपल्या कायद्यातली ही भोकं दिसली नसतील, यावर माझा विश्वास बसत नाही. पण ती त्याला आवरली नाहीत एवढं खरं. अशाच स्क्वाटरांपैकी चर्नसाइड बंधूंचा साठ खोल्यांचा वेरिबी पार्क हा वाडा १८७७ मध्ये पुरा झाला. आता तिथे आमच्याकडचे पाहुणे फोटो काढतात.

जमीन अशी नावावर लागली तेव्हा मेंढी सौद्यातून बाजूला सरकली. १८५८ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्सने जहाजांच्या नोंदणीवरून जमिनीची नोंदणी बेतली. आधी आजोबापणजोबांपर्यंतची खतं तपासावी लागत. आता सरकारी वहीतली नोंद हीच मालकी, आणि त्या नोंदीची सरकारने हमी घ्यायची. व्हिक्टोरियाने ती पद्धत १८६२ मध्ये उचलली. मग बँकेला मेंढीच्या पाठीवरच्या लोकरीची गरज उरली नाही, कागद पुरे.

तरी जुनी रीत पुरती गेलेली नाही. इस्टेट एजंटांच्या जाहिरातींत अजून 'वॉक-इन वॉक-आउट' म्हणून शेतं विकायला असतात. गुरं, ट्रॅक्टर, गोठ्यातल्या बादल्यांसकट. विकणाऱ्याने फक्त चालत निघून जायचं. बॅलरॅटच्या म्हाताऱ्याच्या शेजाऱ्याने तसंच शेत विकलं. जमिनीचे कागद दोन्ही वकिलांनी संगणकावर एका दुपारी उरकले, म्हणे. मेंढ्यांच्या आकड्यात मात्र सतरांचा फरक आला, आणि त्यासाठी दोन्ही बाजूंनी मोजायला या म्हाताऱ्यालाच बोलावलं.