हृदयाची लय आणि कॅल्शियम

बेडकाचे हृदय शरीरातून काढून योग्य क्षारांच्या पाण्यात ठेवले, तर ते पुष्कळ वेळ धडधडत राहते. श्रोतेहो, ठोक्याची आज्ञा मेंदूकडून येत नाही, ती हृदयातच उत्पन्न होते, हे यावरून उघड होते. मात्र हे ‘योग्य क्षार’ कोणते, हे एका घोटाळ्यातून कळले.

लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर यांच्या मिठाच्या द्रावणात असे हृदय छान चाले. पुढे ध्यानात आले की, ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, तर न्यू रिव्हर कंपनीच्या नळाच्या पाण्यात केलेले होते! शुद्ध पाणी वापरताच ठोके क्षीण होऊन सुमारे २० मिनिटांत थांबले. नळाच्या पाण्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, हेच त्यातील गुपित. रिंगर यांनी ते १८८३ साली प्रसिद्ध केले. रुग्णालयातील काही सलाईनच्या बाटल्यांवर त्यांचे नाव आजही असते.

हे कॅल्शियम करते तरी काय? हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, महाशीर जेथे येऊन मिळते तेथे, विशिष्ट पेशींचा एक पुंज आहे. कीथ व फ्लॅक यांनी तो १९०७ साली दाखवून दिला. या पेशींना स्वस्थता अशी नाहीच. ठोका संपताच त्यांचा विद्युद्दाब उणे ६० मिलिव्होल्टच्या आसपासून हळूहळू चढू लागतो. आरंभी सोडियम आत झिरपते, मग कॅल्शियमची काही दारे किलकिली होतात. उणे ४० च्या सुमारास मोठी दारे उघडतात, कॅल्शियम आत लोटते आणि ठोक्याची ठिणगी पडते. लागलीच पोटॅशियम बाहेर जाऊन दाब पुन्हा उतरतो. या दारांनाच ‘कॅल्शियम चॅनेल’ म्हणावयाचे. पेशींच्या आतील कोठारातून सुटणारे कॅल्शियमही लय राखण्यास हातभार लावते. त्याचा वाटा किती, याविषयी तज्ज्ञांत अद्याप वाद आहे.

मेंदूला काहीच अधिकार नाही, असे मात्र नव्हे. मोकळा सोडल्यास हा पुंज मिनिटाला शंभराच्या घरात ठोके देईल. वेगस नावाचा मज्जातंतू लगाम खेचून ते सत्तरीच्या आसपास आणतो.

रक्तदाबाच्या काही गोळ्या याच दारांवर काम करतात. परंतु एका कुळातल्या म्हणून त्या सारख्या नव्हेत. अ‍ॅम्लोडिपिन मुख्यतः रक्तवाहिन्यांतील दारे अडविते. व्हेरापामिल हृदयातीलही अडविते, त्यामुळे नाडी मंदावते. बीटा ब्लॉकर ही नाडी मंद करणारी गोळी आधीच चालू असताना शेजाऱ्याने सुचविलेली व्हेरापामिल कोणी घेतली, तर ठोका जिवावर बेतण्याइतका मंदावू शकतो.