हाक आणि हिशेबाची वही

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. हे सज्जन कोण, याचा शोध घेत गेलो तेव्हा मी क्वेकर पंथापाशी पोचलो. त्यांच्यातला एक शिंपी मला आपल्या कार्यकर्त्यांसमोर ठेवावासा वाटतो.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये निघालेल्या या पंथाने पुरोहितच नाकारला. मूळ रीत अशी : माणसे एकत्र निःशब्द बसतात. ज्याला आतून बोलण्याची हाक येईल तो उठतो. स्त्री असो वा पुरुष. ज्याचे बोलणे वारंवार खरे उतरते, त्याची नोंद सभा आपल्या कागदोपत्री धर्मसेवक म्हणून करीत असे. त्याला वेतन नाही, झगा नाही, पदवीची अट नाही. पोट त्याने आपल्या धंद्यावरच भरायचे. म्हणजे हाक व्यक्तीला येते, पण ती पारखते सभा. दूरच्या प्रवासाला निघायचे तर त्यालाही सभेची संमती लागे.

जॉन वूलमन हा १७२० साली न्यू जर्सीतील शेतकरी घरात जन्मला. तरुणपणी तो माउंट हॉली गावी एका दुकानात कारकून होता. त्याच सुमारास तो सभेत प्रथम बोलला. परंतु गरजेपेक्षा जास्त बोललो, असे वाटून पुढे कित्येक आठवडे गप्प बसला. आपल्याकडच्या व्यासपीठांनी हे ध्यानात घ्यावे!

एके दिवशी मालकाने त्याला एका काळ्या स्त्रीचे विक्रीखत लिहायला सांगितले. विकत घेणारा क्वेकरच होता. वूलमनने खत लिहिले, पण गुलाम बाळगणे आपल्या धर्माशी विसंगत आहे, असे दोघांच्या तोंडावर सांगितले. त्यानंतर तसे दुसरे काम आले तेव्हा त्याने साफ नकार दिला. गुलामांना वारसाहक्काने देणारी मृत्युपत्रेही तो लिहीना.

पुढे तो शिवणकाम शिकला, स्वतःचे दुकान चालवू लागला. धंदा वाढत गेला, आणि इथेच त्याची खरी कसोटी लागली. वाढता व्यापार माणसाचा सगळा वेळ आणि मन खातो, हे त्याने ओळखले. १७५६ साली, छत्तिसाव्या वर्षी, त्याने चालता व्यापार बंद केला. गिऱ्हाइकांना इतर दुकाने दाखवली. शिवणकाम आणि फळबाग एवढेच ठेवले. धंदा बुडाला म्हणून तो धर्माकडे वळला नाही. धंदा भरात असताना त्याने तो कमी केला.

मग तो गावोगाव फिरून गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरी जाऊन बोलू लागला. दक्षिणेत ज्या घरी मुक्काम करी, तिथे गुलामांनी केलेल्या सेवेचे पैसे मोजी. फुकटचे श्रम घ्यायचे नाहीत, हा त्याचा नेम. गुलामांच्या घामातून येणारी साखर आणि रंगवलेले कापड त्याने सोडले. १७७२ साली इंग्लंडमध्ये यॉर्क येथे देवीच्या रोगाने तो वारला. त्यानंतर चारच वर्षांनी, १७७६ मध्ये, फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्याला पंथात जागा नाही असे ठरवले. परंतु जर्मनटाउनच्या क्वेकरांनी पहिला लेखी निषेध केला होता १६८८ साली! मधली अठ्ठ्याऐंशी वर्षे धर्माची होती की नफ्याची, हे वाचकांनीच ठरवावे.

याचा अर्थ क्वेकर निर्दोष होते असा नव्हे. गुलामी गेली, बाक राहिले. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियातील सभागृहात काळ्या माणसांना वेगळ्या बाकावर बसवीत. साराह मॅप्स डग्लस या काळ्या शिक्षिकेने तो अपमान लिहून ठेवला आहे. ज्या सभेत कोणीही उठून बोलू शकतो, त्या सभेत कोणी कुठे बसायचे हे मात्र कातडीचा रंग ठरवीत होता. पंगतीचा आणि पाणवठ्याचा अनुभव असलेल्या आपल्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात पौरोहित्य बंद व्हावे, ते जमत नसेल तर निदान जन्मावर ठरू नये, परीक्षा आणि सरकारी सनद यांवर ठरावे, असे मांडले. क्वेकरांनी सनदच काढून टाकली. दोन्ही मार्गांनी जन्माचा मक्ता मोडतो. पण बाकाची गोष्ट सांगते की पुरोहित गेला म्हणून विषमता आपोआप जात नाही. तिच्याशी वेगळे लढावे लागते.

आज आपल्यातले पुष्कळ जण नोकरी सांभाळून चळवळ करतात. काही नोकरी सोडून पूर्णवेळ होऊ पाहतात. सर्वांनी सोडावी असे मी म्हणणार नाही. वूलमननेही सुई शेवटपर्यंत सोडली नव्हती. हाताच्या कामामुळेच तो कुणाचा मिंधा राहिला नाही. मात्र हाक खरी की खोटी, हे भाषणावरून कळत नाही. आपल्या हिशेबाच्या वहीतून कोणती रक्कम आपण स्वतःच्या हाताने खोडली, यावरून कळते. ती वही कार्यकर्त्याने आपल्या माणसांसमोर उघडी ठेवावी, एवढेच माझे म्हणणे आहे.