टॅक्सीचा बिल्ला

परक्या शहरात रात्री-अपरात्री आगगाडीतून उतरलेला प्रवासी टॅक्सीला हात करतो, तेव्हा त्याला ना रस्ता ठाऊक असतो, ना वाजवी भाडे. भाजी घेताना चार ठिकाणी भाव विचारावा, तशी सोय येथे नसते. म्हणूनच या धंद्यात केवळ स्पर्धेवर भिस्त ठेवून चालत नाही. मीटर, ठरावीक दर आणि परवाना यांचा आधार प्रवाशाला द्यावा लागतो.

परंतु गाडी कशी असावी व भाडे किती घ्यावे हे ठरविणे निराळे, आणि गाड्या किती असाव्यात हे ठरविणे निराळे. या दुसऱ्या नियंत्रणाचे गुणदोष न्यूयॉर्क शहराच्या अनुभवावरून चांगले कळतात.

१९२९ नंतरच्या मंदीत तेथे अनेक बेकार टॅक्सी चालवू लागले. गाड्या उदंड, उतारू मोजके. दिवसभर राबूनही चालकाचे पोट भरेना. तेव्हा १९३७ साली हास कायद्याने परवान्यांची संख्या मर्यादित केली. परवान्याची खूण म्हणजे गाडीच्या बॉनेटवर बसविलेला धातूचा बिल्ला. आरंभी तो दहा डॉलरांना मिळे. मात्र तो दुसऱ्यास विकण्याची मुभा होती. महायुद्धानंतर सुमारे पन्नास वर्षे बिल्ल्यांचा आकडा ११,७८७ वरच राहिला. २०१४ च्या सुमारास एका बिल्ल्याची किंमत दहा लाख डॉलरांवर गेली. चालकाच्या रक्षणासाठी काढलेला परवाना चालकालाच कर्ज काढून घ्यावा लागला!

२०११ मध्ये तेथे उबर आली. मोबाइलवरून बोलाविल्या जाणाऱ्या या गाड्यांना बिल्ला लागत नव्हता, की त्यांच्या संख्येला मर्यादा नव्हती. २०१८ पर्यंत बिल्ल्याची किंमत दोन लाख डॉलरांच्याही खाली आली. कर्ज मात्र होते तेवढेच उरले. त्या वर्षी काही चालकांनी आत्महत्या केल्या. मग शहराने नव्या गाड्यांनाही मर्यादा घातली, आणि २०२१ मध्ये चालकांच्या उपोषणानंतर अनेकांची कर्जे १,७०,००० डॉलरांपर्यंत उतरविण्याची योजना मान्य झाली.

आपल्याकडेही १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात भाडे ठरविण्याची आणि मोठ्या शहरांतील परवान्यांना मर्यादा घालण्याची तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोबाइलवरून टॅक्सी मिळवून देणाऱ्या कंपन्यांनाही परवाना आवश्यक केला. हे योग्यच झाले. एकाच रस्त्यावर एकच धंदा करणाऱ्यांना दोन न्याय लावले, तर ती स्पर्धा खरी स्पर्धा नव्हे. तसेच संख्या ठरवायची, तर ती शहराच्या वाढीबरोबर वेळोवेळी तपासली पाहिजे, आणि परवाना हा सट्ट्याचा माल होता कामा नये. अन्यथा शासनाच्या दुर्लक्षाची किंमत अखेर चालकाच्या बायकामुलांना मोजावी लागते.